26 डिसेंबरला आलेल्या मावशींना

मावशी,

भुसावळचं रेल्वे क्वार्टर सोडून तुम्ही मुलाकडे राहायला गेलात, मग तुमचा नंबर बदलला आणि आपलं बोलणं तुटलं. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोरच लिहितेय. कुणाच्या तरी मोबाइलवरून तुमच्यापर्यंत पोहोचेल, आणि कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल.

2014 चा डिसेंबर. 22 तारखेला माझी लेक झाली, 24 ला तिला घेऊन मी घरी आले. मला आई नाही. सासूबाई यावलला, सासऱ्यांच्या आजारपणात अडकलेल्या. नाताळच्या दिवशी मला एकटं वाटलंच नाही. तुमच्याकडे आलेलं प्रत्येक माणूस आमच्याही दारात डोकावलं, बाळाच्या हातात दहा-वीस रुपये देऊन गेलं. करंज्या, चकली, केक, ताटंच्या ताटं आली. रात्री ह्यांना ड्युटीचा कॉल आला आणि ते गाडी घेऊन खंडव्याला गेले.

26 ची पहाट मी विसरणार नाही. बाळ चार वाजल्यापासून रडत होतं, दूध नीट उतरत नव्हतं, थंडी अशी की बादलीतल्या पाण्यात बोट घालवेना. तिच्याबरोबर मीही रडत बसले होते. त्यातून तो तिचा पाचवा दिवस. आमच्याकडे पाचवी पुजतात, आणि पूजा कशी मांडायची हे सांगायला घरात एकही मोठी बाई नव्हती.

सात वाजता तुम्ही कडी वाजवलीत. एका हातात शेगडी, दुसऱ्या हातात आळिवाच्या खिरीचं पातेलं. आदल्या दिवशी एवढ्या माणसांचं रांधून-वाढून तुमचे पाय सुजले होते, ते मला दिसत होतं. मी म्हटलं, “मावशी, काल तर सण झाला. आज तरी पडा जरा.” तुम्ही म्हणालात, “सण कुठे संपला, पोरी? आज स्तेफनाचा दिवस.”

मला 26 डिसेंबर म्हणजे फक्त मेलबर्नची टेस्ट माहीत होती. तिला बॉक्सिंग डे का म्हणतात तेही तुमच्याकडूनच कळलं. इंग्लंडमध्ये त्या दिवशी घरच्या नोकरमाणसांना पेटीत घालून बक्षिसी देत, त्यावरून ते नाव. पण तुमचा जीव होता स्तेफनावर. मला तेल लावता लावता तुम्ही त्याची गोष्ट सांगितलीत. यरुशलेमातल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीत रोज अन्न वाटायचे, आणि ग्रीक बोलणाऱ्या विधवा त्यात वगळल्या जात होत्या. तक्रार झाली तेव्हा पंगतीची व्यवस्था बघायला सात जणांना निवडलं. त्यात पहिलं नाव स्तेफनाचं. पुढे त्याला दगडांनी ठेचून मारलं, आणि मरतानाही तो मारणाऱ्यांसाठी माफी मागत होता. “लोक त्याला पहिला हुतात्मा म्हणतात,” तुम्ही म्हणालात. “मला तो वाढपी म्हणून जास्त आवडतो.” नंतर मी प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय स्वतः वाचला. तुमचा वाढपी तिथेच आहे.

त्या दिवशी तुम्ही मला कढत पाण्याने न्हाऊ घातलंत, ओव्या-शेपाची धुरी दिलीत, बाजरीची भाकरी लसणाच्या चटणीबरोबर समोर बसून खायला लावलीत. बाळाला मांडीवर घेऊन मला चार तास झोपवलंत. तशी झोप मला आठवडाभर मिळाली नव्हती.

पाचवीचं मी चाचरतच सांगितलं. तुमच्या गळ्यात क्रूस, तुम्हाला कसं विचारायचं? तुम्ही लगेच सासूबाईंना फोन लावायला सांगितलात. त्या तिकडून एकेक सांगत गेल्या, तुम्ही पाटा उचलून आणलात, धुतलात, दिवा लावायला काडेपेटी दिलीत. “तुमच्या घरची पूजा तू कर. मी बाळ धरते.” तो दिवा रात्रभर विझू द्यायचा नसतो. मला डुलक्या लागत होत्या. तुम्ही भिंतीला टेकून, शाल पांघरून, पहाटेपर्यंत त्यात तेल घालत बसलात. सटवाईच्या रात्री आमच्या दिव्याला एका ख्रिस्ती बाईने राखण केली, हे मी लेकीला किती वेळा सांगितलंय त्याला गणती नाही.

तुमच्या घरातली ती दादर ज्वारीच्या कडब्याची, बाळ येशूची गव्हाणी आठवते. दार उघडं असलं की आमच्या ओट्यावरून दिसायची. सगळ्यांचे तारे उतरले तरी तुमची गव्हाणी तशीच. मातीचे तीन मागी, म्हणजे बाळ येशूला भेटायला निघालेले पूर्वेकडचे ज्ञानी, तुम्ही खिडकीत ठेवले होते आणि रोज त्यांना वीतभर पुढे सरकवायचात, कारण ते 6 जानेवारीला पोहोचतात. “अजून वाटेवर आहेत,” म्हणायचात. ते पोहोचले त्या दिवशी गव्हाणीतली एक मेंढी तुम्ही माझ्या लेकीच्या उशाशी ठेवलीत.

तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, घरोघरी मांडे आणि आमरस. मला माहेर नाही, त्यामुळे तो दिवस मला नेहमी जड जायचा. आता मी मांडे दुसऱ्या दिवशी करते. सगळ्यांचं कौतुक करून झालेलं असतं, झोके सोडलेले असतात, तेव्हा डबा घेऊन निघते. क्वार्टरच्या मागच्या लाइनीत बिहारची एक मुलगी राहते, नवरा रेल्वेत पॉइंट्समन, पहिलं बाळ पोटात. यंदा तिच्याकडे गेले. तिला मांडा कसा खातात ते माहीत नव्हतं. आमरसात बुडवून पहिला घास मीच भरवला. ती माझ्याकडे बघत राहिली, तशी मी त्या सकाळी तुमच्याकडे बघत होते.

लेक आता पाचवीत आहे. मेंढी आमच्या देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात असते. दिवाळीत धुताना तिचा एक कान तुटला, तेव्हा पोरगी फार रडली. डिंकाने चिकटवलाय.

तुमची,
समोरच्या क्वार्टरमधली पोरगी