45 वर्षांची इमारत, म्हणे हेरिटेज नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नोव्हेंबर आला की दिल्लीच्या ट्रेड फेअरचे फोटो सुरू होतात, 14 तारखेचं उद्घाटन, महाराष्ट्राचं दालन, कुठल्या राज्याला बक्षीस मिळालं वगैरे. त्याच प्रगती मैदानावर हॉल ऑफ नेशन्स नावाची एक जबरदस्त इमारत उभी होती हे मात्र आता कुणी लिहीतच नाही, म्हणून हे पत्र.

स्वातंत्र्याला 25 वर्षं झाली त्या निमित्ताने 1972 साली एशिया 72 हे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं, त्यासाठी हा हॉल बांधला. आर्किटेक्ट राज रेवाल, स्ट्रक्चरल इंजिनिअर महेंद्र राज. 78 मीटरचा मोकळा गाळा आणि मधे एकही खांब नाही! असे हॉल बाहेरच्या देशात स्टीलच्या स्पेस फ्रेमने, म्हणजे नळ्यांच्या तिरप्या जाळीने करायचे, कारखान्यातून नळ्या तयार होऊन येणार, साइटवर फक्त जोडायच्या. आपल्याकडे तेव्हा स्टील महाग आणि मिळायची मारामार, मजूर मात्र भरपूर, मग ठरलं की तीच फ्रेम काँक्रीटमधे करू आणि तीही जागेवरच ओतू. घराचा साधा स्लॅब पडताना ज्यांनी बघितलाय त्यांना यातली गंमत कळेल. इथे सगळे दांडे तिरपे, वेगवेगळ्या कोनातून येऊन एका गाठीत मिळणार, प्रत्येकाची सळई त्या गाठीत नीट बसायला हवी, आणि एवढ्या गर्दीत काँक्रीट कुठे पोकळ न राहता खालपर्यंत उतरायला हवं. सेंट्रिंगवाल्यांनी त्या गाठींचे साचे कसे बांधले असतील देव जाणे. शिवाय ती जाडजूड जाळी दिल्लीचं ऊन पण अडवायची, म्हणजे आपल्या जुन्या वाड्यांतल्या जाळीचंच काम.

पुढे पंचेचाळीस वर्षं तिथे काय काय झालं, ट्रेड फेअर, पुस्तकांचा मेळा, यंत्रांची प्रदर्शनं. या हॉलचं मॉडेल पॅरिसच्या पाँपिदू सेंटर या कलासंग्रहालयाने आपल्या संग्रहात ठेवलंय, न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या म्युझियमने 2022 मधे दक्षिण आशियातल्या वास्तुकलेवर प्रदर्शन केलं त्यातही हा हॉल होता. फक्त तोवर तो जमिनीवर शिल्लक नव्हता.

मग प्रगती मैदानाचा नवा प्लॅन आला, त्यात हा हॉल पाडायचं ठरलं. जगभरच्या आर्किटेक्ट लोकांनी पत्रं लिहिली, वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आणि स्वतः रेवाल कोर्टात गेले, पण दिल्लीच्या हेरिटेज कमिटीने म्हटलं की 60 वर्षांखालच्या इमारतीचा विचारच करता येत नाही. हायकोर्टात याचिका फेटाळली गेली आणि लगेच, 23 एप्रिल 2017 च्या रविवारी रात्री, बुलडोझर लागले, सकाळी नुसता ढिगारा. बाजूचं नेहरू पॅव्हिलियनही त्यातच गेलं.

आता कुणी म्हणेल की भारत मंडपम झालं, 2023 मधे जी-20 तिथेच झाली, मग रडायचं कशाला? नवं कन्व्हेन्शन सेंटर दिल्लीला हवंच होतं, त्याबद्दल वाद नाही. पण प्रगती मैदान म्हणजे काही दोन गुंठ्यांचा प्लॉट नाही हो, हा एक हॉल मधे ठेवून बाकीचं नवं करता आलं नसतं हे मला कुणी पटवून द्यावं. आणि प्रदर्शनाचा हॉल ही तर पुन्हा वापरायला सगळ्यात सोपी इमारत. आत भिंती नाहीत, खांब नाहीत, जे मांडाल ते मांडा. आपल्या मुंबईचंच बघा ना, गोरेगावचं नेस्को मुळात इंजिनिअरिंगचा कारखाना, नंतर तिथे प्रदर्शनं भरायला लागली आणि 2020 मधे त्याच हॉलमधे कोविडचे बेड लागले. वरळीच्या एनएससीआय डोम या बंदिस्त स्टेडियममधे पण असेच बेड लागले.

मेलबर्नची रॉयल एक्झिबिशन बिल्डिंग 1880 ची, तीही जागतिक प्रदर्शनासाठीच बांधलेली. प्रदर्शन संपलं म्हणून कुणी पाडली नाही. 1901 ला ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या पार्लमेंटचं उद्घाटन तिथे झालं, 1919 च्या फ्लूच्या साथीत हॉस्पिटल झालं, पुढे तिथे विद्यार्थ्यांच्या परीक्षा पण झाल्या. 1948 मधे पाडायचं का यावर मतदान झालं होतं, अगदी थोडक्यात वाचली. आणि 2004 मधे युनेस्कोच्या यादीत गेली, 2021 मधे तिथेच कोविडची लस देत होते. म्हणजे तिकडचे लोक फार शहाणे असं काही नाही, त्यांनी पण जवळजवळ पाडलीच होती, पण 1948 ला ती 68 वर्षांची होती, आपला हॉल 45 चा. आपण 60 ची अट ठेवलीय आणि 60 पूर्ण व्हायच्या आत मोकळे होतोय!

हा वयाचा नियमच मला चुकीचा वाटतो. केंद्राच्या कायद्यात प्राचीन स्मारकाला 100 वर्षं लागतात ते ठीक, किल्ले लेण्यांना ते चालतं. पण स्वातंत्र्यानंतर आपल्या इंजिनिअर आणि मजुरांनी जे बांधलं ते मधल्या मधे लटकतं, ना जुनं ना नवं. काँक्रीट काळं पडलेलं असतं, गळत असतं, दिसायला सुंदर नसतं, त्यामुळे लोकांनाही पाडताना वाईट वाटत नाही.

मुंबईत 1995 पासून हेरिटेजची नियमावली आहे, देशात पहिली. तेव्हा सुरुवात इथूनच व्हायला हरकत नाही. 1950 नंतरची नाट्यगृहं, स्टेडियम, मार्केट, प्रदर्शनाचे हॉल यांची वेगळी यादी पालिकांनी करावी, वय न बघता. आणि सरकारी मालकीची अशी इमारत पाडायची असेल तर आधी दोन गोष्टी वेबसाइटवर टाकाव्यात, एक म्हणजे दुरुस्तीचा खर्च किती आणि नवी बांधायचा किती, दुसरं म्हणजे ती आणखी कशासाठी वापरता येईल याचा इंजिनिअरचा रिपोर्ट. हरकतीला निदान तीन महिने द्यावेत. आणि हो, हरकतींचा निकाल लागल्यावर रविवारी रात्री बुलडोझर आणायचा नाही, दिवसा, लोकांसमोर या.

आपला,
एक नियमित वाचक