किल्लारी भूकंपानंतर धावून आलेल्यांचे आभार

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमची दगडमातीची माळवदं अंगावर कोसळली. ढिगारे उपसायला, जखमींना उचलायला आलेल्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

त्याहून मोठे उपकार मात्र नंतर थांबलेल्यांचे. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळा काढताना टँकर आणणारे चालक, झाडाखाली शाळा भरवणारे गुरुजी. आणि त्या ताई, ज्यांनी घराचा नकाशा बायकांपुढं मातीत आखला, "चूल कुठं, जनावरं कुठं?" असं विचारलं. ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. असं विचारणारं सगळ्यांच्या नशिबी नव्हतं. आमच्या अंगणात दावण आहे ती तुमच्यामुळंच. ताई, कधीही या. माय अजून तुमची आठवण काढते, जेवल्याशिवाय सोडणार नाही.