तिसरी रेघ

आदरणीय सर,

हे पत्र तुम्ही असताना लिहायला हवं होतं. पण पर्वरीला जाईन तेव्हा समोरच बोलू, असं वाटत राहिलं. वाळपईहून पर्वरी काही लांब नाही, तरी राहून गेलं. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी बोटीवर होतो, किनाऱ्यापासून चार दिवस दूर.

1998 साली बारावी करून मी वेरेच्या नौदल अकादमीत आलो. शाळा मराठी, गाव डोंगराच्या कुशीतलं, समुद्र पाहिलेला तो मिरामारला, भेळ खाताना. नेव्हिगेशनच्या पहिल्या चाचणीत शंभरापैकी 31 मार्क पडले. त्यानंतर चार्टवर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर, जे केलं ते मी आजवर घरी सांगितलेलं नाही.

अग्वादचा दिवा, काबो आणि मुरगावचं टोक अशी तीन बेअरिंगं, म्हणजे जहाजावरून किनाऱ्यावरची ती खूण कोणत्या दिशेला दिसते ते कोन, तुम्ही दिली होती. माझ्या तिन्ही रेषा बरोबर एका टिंबात मिळाल्या. तुम्ही चार्ट उचलून खिडकीशी नेलात आणि उजेडात तिरका धरलात. खोडलेल्या पेन्सिलीचा वण दिसला. वर्ग सुटेपर्यंत एक शब्द बोलला नाहीत. मग मराठीत विचारलंत, "तिसरी रेघ ओढलीस, की ओढून आणलीस?"

वर कळवलं असतं तर महिन्याभरात मी घरी सुपाऱ्या सोलत बसलो असतो. तुम्ही कळवलं नाहीत. त्याऐवजी दहा दिवस रोज संध्याकाळी एक चार्ट करून घेतलात. खऱ्या समुद्रात तीन रेषा सहसा एका ठिकाणी मिळत नाहीत, मध्ये एक छोटा त्रिकोण उरतो, हे तेव्हा डोक्यात शिरलं. त्या त्रिकोणात आपलं जहाज नेमकं कुठे धरायचं? मी मधोमध बोट ठेवलं. तुम्ही माझं बोट धरून खडकाच्या जवळच्या कोपऱ्यावर नेलंत. "इथे. सोयीचं आहे तिथे नाही."

प्रवाहाचं गणित मात्र चार्टवर सुटलं नाही, ते फेरीवर सुटलं. रविवारची सुट्टी होती. बेती-पणजी फेरीत तुम्ही भेटलात, हातात बांगडे मासळीची पिशवी. ओहोटी जोरात होती. "फेरीचं नाक बघ," म्हणालात. नाक पणजीच्या धक्क्याकडे नव्हतंच, फेरी वरच्या अंगाला तोंड करून तिरकी चालली होती आणि तरी धक्क्यालाच लागली. जन्मभर त्या फेरीतून ये-जा करणाऱ्यांना हे ठाऊक असणार, मला पुस्तकात कळत नव्हतं. उतरताना पिशवी माझ्या हातात दिलीत आणि बाजारातून कोथिंबीर आणायला पाठवलंत. (आता त्याच पाण्यात कॅसिनोच्या बोटी उभ्या असतात. तुम्ही त्यांच्याकडे पाठ करून बसायचात, असं काकू सांगत होत्या.)

तुम्ही 1971 चं युद्ध पाहिलं होतं हे आम्हाला माहीत होतं. आम्ही पोरं कराचीवरच्या हल्ल्याच्या गोष्टी ऐकायला टपलेलो असायचो. तुम्ही मात्र 9 डिसेंबरला फळ्यावर फक्त एक अक्षांश-रेखांश लिहायचात आणि तो चार्टवर मांडायला लावायचात. बिंदू दीवच्या समोर पडायचा. तिथे त्या रात्री पाकिस्तानी पाणबुडीने आयएनएस खुकरी बुडवली. 18 अधिकारी, 176 नौसैनिक. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. त्यांच्याबद्दल सगळे बोलतात, तुम्ही इंजिन रूममधल्या एका ओळखीच्या पोराबद्दल बोललात, बुद्धिबळात घोडा कायम चुकीच्या घरात ठेवणाऱ्या. मग घसा खाकरून म्हणालात, "पेन्सिली टोकदार करा."

आणखी एक गोष्ट त्या दिवशी कळली. 1961 मध्ये गोव्याबरोबर दीवही मुक्त झालं आणि 1987 पर्यंत गोवा, दमण आणि दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश होता. म्हणजे खुकरी बुडाली ती आमच्याच प्रदेशाच्या किनाऱ्यासमोर, आणि मी, गोव्याचा पोरगा, तिचं नाव पहिल्यांदा ऐकत होतो.

पुढची नोकरी ठीक झाली, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. एकदा पावसाळ्यात रात्री त्रिकोण मोठा आला. वरिष्ठ घाईत होते, मधला बिंदू धरून पुढे चला म्हणाले. मी खडकाकडचा कोपरा धरला आणि वेग कमी करायला सांगितलं. बोलणी खाल्ली. खडक दिसला नाही, कदाचित नव्हताही. तरी तेव्हा तुमचं बोट माझ्या बोटावर होतं.

त्या दहा संध्याकाळींसाठी, सर, आभार. न कळवल्याबद्दलही.

गेल्या आठवड्यात काकूंकडे जाऊन आलो. तुमची पॅरलल रूलर, चार्टवर रेघा समांतर सरकवायची ती जोडपट्टी, त्यांनी मला दिली, बिजागरी सैल झालीय. येत्या 9 डिसेंबरला दीवला, खुकरीच्या स्मारकाला जायचं ठरवलंय. काकूंनाही विचारलंय, गुडघे साथ देतील तर येतील.

तुमचा,
वाळपईचा कॅडेट