किमान पेन्शन वाढेलही, पण गोठलेल्या आकड्याचे काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हिवाळी अधिवेशनाच्या काळात नागपुरात मॉरिस कॉलेज टी-पॉइंटपाशी अडवल्या जाणाऱ्या मोर्चांत ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा गेली काही वर्षे हमखास ऐकू येते. १ नोव्हेंबर २००५ नंतर शासकीय सेवेत लागलेल्यांची ती मागणी कितपत रास्त आहे, या वादात मला शिरायचे नाही. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५ खाली पेन्शन घेणाऱ्या आम्हा खासगी कारखान्यांतील कामगारांचे दुखणे वेगळे आहे. आम्हाला पेन्शन आहे. पण ती ज्या आकड्यावर सुरू झाली, त्याच आकड्यावर गोठलेली आहे.

हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्यात मार्च १९९६ पासून साडेबावीस वर्षे लेथवर काम करून मी सप्टेंबर २०१८ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त झालो. पेन्शनपात्र पगाराला पेन्शनपात्र सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे, हे या योजनेचे सूत्र आहे. प्रत्यक्ष पगार कितीही असला, तरी ऑगस्ट २०१४ पर्यंतच्या सेवेसाठी तो ६,५०० रुपये आणि त्यानंतरच्या सेवेसाठी १५,००० रुपये इतकाच धरला जातो. वीस वर्षांहून अधिक सेवेबद्दल मिळणारी दोन वर्षांची सवलत मिळवूनही माझी पेन्शन २,८०४ रुपये निघाली. तेव्हापासून पासबुकात दर महिन्याला हाच आकडा उमटतो. एप्रिल-मेमध्ये कूलर चालवल्यावर येणारे विजेचे बिल, एक सिलिंडर आणि आम्हा दोघांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, एवढ्यातच ती रक्कम संपते. आमच्या शेजारी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांच्या पेन्शनीवरील महागाई भत्त्याचा दर जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा ठरतो. बाजार मात्र आम्हा दोघांचा एकच आहे.

भविष्य निर्वाह निधीच्या रकमेचे काय केले, असे कोणी विचारील. मुलीचे लग्न आणि दोन खोल्यांचे घर यांत ती गेली. यात माझीही चूक आहे. पेन्शनीचा हिशेब निवृत्तीच्या जेमतेम वर्षभर आधी मी प्रथम कागदावर मांडला.

माझ्यामागे पत्नीला निम्मी, म्हणजे १,४०२ रुपये पेन्शन मिळेल. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये मिळतात. मात्र कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. माझी वर्षाची पेन्शन ३३,६४८ रुपये होत असल्याने आज आम्ही त्या अटीत बसत नाही. माझ्या पश्चात पत्नी एकटी उरली, तर मात्र ती बसेल. ही सोय म्हणावी की काय म्हणावे, मला कळत नाही.

सप्टेंबर २०१४ मध्ये किमान पेन्शन १,००० रुपये झाली, तेव्हा आम्हा कामगारांना समाधान वाटले होते. वास्तविक त्याच्या आदल्याच वर्षी भगतसिंह कोश्यारी (पुढे तेच महाराष्ट्राचे राज्यपाल झाले) यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीने किमान ३,००० रुपयांची शिफारस केली होती. पुढे दहा वर्षे उलटली, तरी तो हजाराचा आकडा हलला नाही. आता पेन्शनधारकांच्या संघटना ७,५०० रुपये आणि त्यावर महागाई भत्ता मागतात, तेव्हा वर्तमानपत्रांत चर्चा होते ती ७,५०० ची. भत्त्याचा उल्लेख शेपटासारखा मागे राहतो. माझ्या मते खरी मागणी तीच आहे. भत्त्याची जोड नसलेले ७,५०० रुपयेही दहा वर्षांनी आजच्या हजारासारखेच होऊन बसतील.

निधीत तेवढा पैसा नाही, हे सरकारचे उत्तर मी सर्वस्वी खोटे म्हणणार नाही. मालकाच्या वाट्यातील ८.३३ टक्के म्हणजे १५,००० च्या मर्यादेत जास्तीत जास्त १,२५० रुपये आणि केंद्र सरकारचे १.१६ टक्के म्हणजे १७४ रुपये, एवढीच दरमहा भर एका कामगारामागे पडते. परंतु ही मर्यादा २०१४ नंतर वर्षानुवर्षे जागच्या जागी ठेवायची आणि मग निधी अपुरा म्हणायचे, हे पटत नाही. ती महागाईनुसार दरवर्षी सरकली असती, तर भरही आपोआप वाढली असती. शिवाय मर्यादा वाढली, तरी तिचा लाभ त्यापुढच्या सेवेला मिळतो. जे आधीच निवृत्त झाले, त्यांचा आकडा त्याने बदलत नाही. ज्या नागपुरात एम्प्रेस मिलने १८८६ सालीच कामगारांसाठी पेन्शन फंड काढला होता, तेथील लोकप्रतिनिधींनी तरी संसदेत किमान रकमेसोबत, आधीच सुरू असलेल्या पेन्शनींना महागाईची जोड देण्याची तरतूद मूळ योजनेतच करून मागावी आणि तिचा भार केंद्राने आपल्या वाट्यातून उचलावा, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त कामगार,
हिंगणा मार्ग, नागपूर