मॅडम, मी कुणालाच कॉल नाही लावला!

संपादक महोदय,
स. न.

दहावी झालेल्या मुलांना मी तालुक्याच्या गावी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवते. परवा एका मुलीचा प्रोग्रॅम अडला. पडद्यावर पहिलीच ओळ आली, 'ट्रेसबॅक, मोस्ट रीसेंट कॉल लास्ट'. ती घाबरून म्हणाली, "मॅडम, मी कुणालाच कॉल नाही लावला!" वर्ग खो खो हसला. (हा 'कॉल' फोनचा नव्हे, प्रोग्रॅमचा एखादा भाग कामाला बोलावण्याचा.) चूक एवढीच होती की प्रोग्रॅममधल्या 'बेरीज' या नावाचं रोमन स्पेलिंग तिने वर एका 'आय'ने केलं होतं आणि खाली डबल 'ई'ने. उत्तर तिथेच, संदेशाच्या शेपटाला छापलेलं होतं: 'डिड यू मीन', आणि पुढे वरचं स्पेलिंग. 2021 मध्ये आलेल्या पायथन 3.10 पासून ही सोय आहे. कंस बंद करायचा राहिला, कोलन विसरला, हेही आता नीट सांगितलं जातं. पूर्वी बहुतेकदा 'इन्व्हॅलिड सिंटॅक्स', म्हणजे लिहिण्याची रीत चुकली, एवढंच म्हणून बोळवण व्हायची. पण तिथवर वाचतंय कोण? लाल अक्षरं दिसली की मुलं माऊस सोडून माझ्याकडे बघतात.

हे संदेश मराठीत यायला हवेत. मात्र ते काम कोशातल्या पंडितांकडे जाऊ नये, ही हात जोडून विनंती. 'अनएक्स्पेक्टेड इंडेंट'चं त्यांनी 'अनपेक्षित समास' केलं, तर पोरं द्वंद्व की तत्पुरुष ते शोधत बसतील. 'या ओळीच्या सुरुवातीला जास्तीची जागा सुटली आहे' असं लिहा की!

आणि मूळ इंग्रजी ओळ पुसू नका, मराठी तिच्याखाली द्या. उद्या नेटवर शोधताना किंवा नोकरीत हीच मुलं 'नेमएरर' (नाव ओळखता न आल्याची चूक) हाच शब्द वापरणार आहेत.

नेदरलँड्सच्या फेलिएन हर्मन्स यांनी 2020 मध्ये 'हेडी' ही नवशिक्यांसाठी प्रोग्रॅमिंगची भाषा आणली. तिच्यात आज्ञासुद्धा मुलांच्या भाषेत देता येतात. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'ने संगणकाचे धडे मराठी आवाजात केले आहेत. म्हणजे धडा मराठीत ऐकायचा आणि चुकलं की बोलणी इंग्रजीत खायची!

वर्गात रोज भेटणारे संदेश मूठभरच असतात. माझ्या वहीत अशी बावीस मराठी वाक्यं जमली आहेत. कुणाला हवी असतील तर खुशाल घ्यावीत, सुधारून दिली तर फारच छान. प्रोग्रॅमचा एखादा भाग स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावत राहिला की येणाऱ्या 'मॅक्सिमम रिकर्शन डेप्थ'पाशी मात्र मीही अडले आहे.

– एक संगणक शिक्षिका, जि. सोलापूर