चित्रकथीची पोथी भिंतीवर टांगू नका, उलगडून दाखवा

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स.न.वि.वि.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाच्या संग्रहात पैठण शैलीची चित्रकथी चित्रं आहेत. चित्रकथी म्हणजे चित्रं दाखवत, गाऊन कथा सांगण्याची कला. हे पत्र अशा चित्रांसाठी, ती महाराष्ट्रात जिथे जिथे जपली आहेत त्या सगळ्या ठिकाणांसाठी.

चित्रकथीचं चित्र एकटं नसतं. रामायण-महाभारतातल्या एका आख्यानाची सुटी पानं क्रमाने लावली की त्याची पोथी होते. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. सांगणाऱ्याने एक प्रसंग संपवून पान उलटलं की पुढचा प्रसंग मागे तयारच असतो. साथीला वीणा, टाळ आणि डमरूसारखं हुडुक. चित्रातले ते टपोरे डोळे आणि ताणलेली धनुष्यं या गाण्यासोबत बघायची असतात.

असं पान फ्रेममध्ये बसवलं की मागचा प्रसंग कायमचा भिंतीकडे तोंड करून राहतो. खाली पाटी असते, ‘चित्रकथी, कागद, नैसर्गिक रंग’. आख्यान कुठलं, प्रसंग कोणता, समोर इंद्रजित आहे की घटोत्कच, काही कळत नाही. शाळेची मुलं अर्ध्या मिनिटात पुढे सरकतात. त्यांचा काय दोष?

मूळ पानं रोज हाताळता येणार नाहीत, उजेडाने रंग फिके पडतात, हे मान्य. म्हणूनच प्रतिकृती करून घ्या, आणि त्या कुडाळजवळच्या पिंगुळीतल्या ठाकर समाजाच्या कलाकारांकडूनच. सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने वाढलेली ही कला त्यांनीच जगवली. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी तर घरच्या गोठ्याचंच संग्रहालय केलं. सरकारने सन्मान दिला, आता कामही द्यावं.

माझी मागणी एवढीच आहे. सरकारी संग्रहांतल्या प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रं घ्या, जाणत्या कलाकारांना बसवून ती आख्यानाच्या क्रमाने लावा आणि पाटीवर प्रसंग मराठीत नीट लिहा. हे काम लवकर व्हायला हवं, कारण जुनी पदं तोंडपाठ असणारी माणसं आता म्हातारी झाली आहेत. पुण्यात वर्षातून निदान एकदा पूर्ण आख्यान होऊ द्या, योग्य मानधन देऊन, प्रवासखर्च वेगळा धरून.

येत्या अर्थसंकल्पात यासाठी तरतूद होणार का, हे कृपया लेखी कळवावे.

आपली नम्र,
पुण्यातील एक चित्ररसिक