रचनाकाराचा विचार विज्ञानाच्या तासाला नको

मा. संपादक,
सादर नमस्कार.

सजीवांची रचना इतकी गुंतागुंतीची आहे की ती कोणा बुद्धिमान रचनाकारावाचून झालीच नसणार, म्हणून उत्क्रांतीच्या जोडीला 'इंटेलिजंट डिझाइन'ही शाळेत शिकवावे, असा आग्रह आपल्याकडेही अधूनमधून ऐकू येतो. जानेवारी 2018 मध्ये तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा असल्याचे विधान केले, तेही आपल्याच औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिले नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून त्याचे खंडन केले. तरीही 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेलाच.

'कोणी पाहिले नाही' म्हणणाऱ्यांनी मराठवाड्यातल्या कापसाच्या शेतात यावे. बाहेरून धडधाकट दिसणारे हिरवे बोंड फोडले की आत सरकी पोखरत बसलेली गुलाबी बोंडअळी सापडते, आणि ती शिरली ते छिद्र बुजून गेलेले असते. बीटी कापूस, म्हणजे अळीला मारणारे विष स्वतःच्या अंगात तयार करणारे वाण, 2002 मध्ये आला तेव्हा ही अळी त्याच्या विषाने मरत होती. 2017 च्या हंगामात याच अळीने राज्यातल्या कापसाची धूळधाण केली. विष पचवणाऱ्या मोजक्या अळ्या वाचल्या, त्यांचीच प्रजा वाढली आणि फरदड ठेवलेल्या, म्हणजे वेचणी संपल्यावरही पीक उभे ठेवलेल्या रानात तिला महिनोन्‌महिने खाद्य मिळत राहिले. महत्त्वाची गोष्ट अशी की, हे घडेल हे शास्त्रज्ञांनी आधीच सांगितले होते. म्हणूनच बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याचे 120 ग्रॅमचे वेगळे पाकीट दिले जात असे, जेणेकरून त्या बियाण्याच्या ओळींवर जगलेल्या साध्या पतंगांशी विष पचवणाऱ्या पतंगांचा संकर होऊन प्रतिकारशक्ती पसरण्याचा वेग मंदावावा. अनेकांनी ते पेरलेच नाही, आणि त्यांना त्यामागचे कारण कोणी नीट समजावूनही दिले नाही, याची मला आजही खंत वाटते.

यावर 'इंटेलिजंट डिझाइन'चे समर्थक म्हणतात की अळी शेवटी अळीच राहिली, एवढा लहान बदल आम्हालाही मान्य आहे. मग बदलाची मर्यादा नेमकी कुठे आहे आणि ती कोणत्या प्रयोगाने तपासायची, हे त्यांनी सांगायला हवे. अमेरिकेतील जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बेही यांनी तसा प्रयत्न केला, हे मान्य करायला हवे. जिवाणूच्या शेपटीतील फिरत्या यंत्रणेचा एकही भाग काढला तर ती निरुपयोगी ठरते, म्हणून ती टप्प्याटप्प्याने घडलेली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु त्याच यंत्रणेतील मोजक्या प्रथिनांशी नाते सांगणारी प्रथिने प्लेगसारख्या रोगांच्या जिवाणूंमध्ये विष टोचण्याचे काम करताना आढळतात; म्हणजे अपुरी यंत्रणाही दुसऱ्या कामाला उपयोगी पडू शकते. दावा जिथे तपासता आला, तिथे तो टिकला नाही. उरलेला दावा 'रचनाकाराची तशी इच्छा होती' एवढाच, आणि तो खोटा ठरू शकेल अशी कोणतीही परिस्थिती कल्पिता येत नाही.

पेन्सिल्व्हेनियातील डोव्हर येथे शाळा मंडळाने नववीच्या वर्गात या विचाराचा पुरस्कार करणारे निवेदन वाचून दाखवण्याचे ठरवले, तेव्हा पालक न्यायालयात गेले. उलटतपासणीत बेही यांना कबूल करावे लागले की, विज्ञानाची त्यांची व्याख्या स्वीकारली तर फलज्योतिषही तिच्यात बसते. 20 डिसेंबर 2005 रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी 139 पानी निकालात हे विज्ञान नसल्याचे स्पष्ट केले. आपल्या देशात तर फलज्योतिषाचे अभ्यासक्रम विद्यापीठांत आणण्याचा प्रयत्न झालेला आहे, त्यामुळे ही कबुली आपण विशेष ध्यानात ठेवायला हवी.

यात कोणाच्या श्रद्धेचा अवमान नाही. पैठणला नाथांच्या समाधीपुढे हात जोडणाऱ्याला आपल्या भक्तीसाठी जीवशास्त्राच्या पुस्तकाचा दाखला कधी लागलेला नाही, आणि लागूही नये.

आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा आहे. अभ्यासक्रम बदलताना तो कायम ठेवावा, त्यात गुलाबी बोंडअळीचे उदाहरण घालावे, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठातील कीटकशास्त्रज्ञांनी हंगामात निदान आसपासच्या शाळांमध्ये येऊन मुलांना बोंड फोडून दाखवावे, अशी माझी शिक्षण विभागाला आणि विद्यापीठाला विनंती आहे.

आपला,
एक जीवशास्त्र शिक्षक, जि. परभणी